सिल्व्हराडो पिकअपचा इनटेक मॅनिफोल्ड आणि इंजेक्टर बदलताना

शेवरोले सिल्व्हराडो १५०० या पिकअपच्या १९९९ ते २००६ या पिढीत एलएम७ हे ५.३ लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन बसवले जाई. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमची असलेले हे इंजिन इतके चिवट आहे, की आम्ही राहतो त्या मिशिगनमध्ये रस्त्यावरच्या मिठाने ट्रकचा सांगाडा गंजून जातो, पण इंजिन चालूच असते. माझा ट्रक २००२ चा आहे. त्यावर मी स्वतः ट्रेलब्लेझर एसएस या गाडीचा इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा नळ्यांचा भाग) आणि मोठे इंजेक्टर (पेट्रोल फवारणाऱ्या झडपा) बसवले, आणि पुढचे सर्व विवेचन त्याच कामाला धरून केले आहे. याच पिढीतील नंतरच्या, म्हणजे केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (आत येणारी हवा कमीजास्त करणारी झडप) असलेल्या ट्रकांमध्ये काही जोडण्या वेगळ्या असतात, हे आधीच लक्षात ठेवावे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठा इंजेक्टर लावला म्हणून इंजिनाची ताकद वाढत नाही. हवा जितकी आत जाते तितक्याच पेट्रोलाचा उपयोग होतो, बाकीचे वाया जाते आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळते. त्यामुळे मॅनिफोल्ड हवेसाठी घ्यावा आणि इंजेक्टर हिशेबाने घ्यावेत. हिशेब सोपा आहे. पेट्रोलवर चालणाऱ्या साध्या इंजिनाला दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा पौंड इंधन लागते, आणि इंजेक्टर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा अधिक काळ उघडा राहू नये असा संकेत आहे. मूळ इंजेक्टर तासाला सुमारे २५ पौंड पेट्रोल सोडतात. आठ इंजेक्टरांचे २०० पौंड, त्याचे ८० टक्के १६०, आणि त्याला ०.५ ने भागले की ३२० हॉर्सपॉवर. कंपनीच्या आकड्याप्रमाणे २००२ च्या इंजिनाची ताकद २८५ हॉर्सपॉवर आहे. म्हणजे नुसता मॅनिफोल्ड बदलणाऱ्याला इंजेक्टर बदलण्याची गरज बहुधा पडत नाही. पुढे कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) बदलायचा असेल, किंवा ८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले ई८५ हे इंधन वापरायचे असेल, तर मात्र इंजेक्टर अपुरे पडतात, कारण ई८५ सुमारे एक तृतीयांश जास्त लागते. याच कुळातल्या नंतरच्या एलएस३ इंजिनाचे तासाला ४२ पौंडांचे इंजेक्टर या हिशेबात पेट्रोलवर ५३७ हॉर्सपॉवरपर्यंत आणि ई८५ वर ४०० च्या आसपास पुरतात. सीसीमध्ये विचार करण्याची सवय असलेल्यांनी तासाच्या एका पौंडाला मिनिटाचे साडेदहा सीसी धरावेत; ४२ पौंड म्हणजे सुमारे ४४० सीसी.

विक्रेत्याने सांगितलेला आकडा कोणत्या दाबाचा आहे, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. या ट्रकमध्ये इंधनाचा दाब ५८ पीएसआय, म्हणजे ४०० किलोपास्कल असतो, पण बाजारातील अनेक इंजेक्टरांचे आकडे ४३.५ पीएसआयवर मोजलेले असतात. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ४३.५ वर ३० पौंडांचा असलेला इंजेक्टर ५८ वर साधारण ३४.६ पौंडांचा होतो. मी पहिल्यांदा जुने इंजेक्टर ऑनलाइन मागवले तेव्हा आठांपैकी एक बंद असतानाही थेंब थेंब गळत होता आणि विक्रेत्याने हात वर केले. तेव्हापासून जुना संच घेतला तर तो प्रवाह-चाचणी करून देणाऱ्या कारखान्यात धुऊन, मोजून आणि आठही आकडे कागदावर लिहून घेतल्याशिवाय मी बसवत नाही.

मॅनिफोल्ड निवडताना हवेच्या वाटेचा आकार पाहणे हे सर्वांत महत्त्वाचे. एलएम७ च्या हेडमधील वाटा चर्चच्या खिडकीसारख्या उंच आणि वर निमुळत्या असतात. एलएस३ किंवा एल९२ या नंतरच्या इंजिनांच्या वाटा रुंद, चौकोनी असतात आणि त्यांचा मॅनिफोल्ड येथे बसत नाही. दिसायला देखणा आणि स्वस्तात मिळाला म्हणून तो उचलणारे लोक मी पाहिले आहेत. ट्रेलब्लेझर एसएस २००६ ते २००९ या काळात सहा लिटरच्या एलएस२ इंजिनासह विकली गेली आणि तिच्या वाटा आपल्या हेडशी जुळतात. तिचे थ्रॉटलचे तोंड मोठे, चार बोल्टचे आणि ९० मिलिमीटरचे आहे, तर आपले मूळ थ्रॉटल तीन बोल्टचे आणि लहान आहे. शिवाय हाही ट्रकच्याच घाटाचा, लांब नळ्यांचा मॅनिफोल्ड असल्याने मिनिटाला कमी फेऱ्यांवरची ओढ फारशी कमी होत नाही. फरक जाणवतो तो ४००० फेऱ्यांच्या वर. ज्यांचा ट्रक दिवसभर ट्रेलर ओढतो आणि ३००० च्या वर क्वचित जातो, त्यांनी हे काम करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. कार्व्हेटसारख्या स्पोर्ट्स गाड्यांचा बुटका मॅनिफोल्डही लोक सुचवतात, पण त्याचे थ्रॉटल खाली येते आणि ट्रकच्या पुढच्या बाजूचे पंप व अल्टरनेटर आडवे येतात.

मॅनिफोल्ड जंकयार्डमधून घेत असाल तर त्याच गाडीची फ्युएल रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) आणि तिचे कंसही सोबत उतरवून घ्यावेत, म्हणजे इंजेक्टरची उंची आणि रेलची उंची जुळवत बसावे लागत नाही. एलएस३ चे इंजेक्टर बुटके असतात. रेल उंच इंजेक्टरांसाठी असेल तर प्रत्येकाला वरून जोडतुकडा लावावा लागतो. विजेचे प्लगही वेगळे असल्याने आठ जोडवायरी आणाव्यात. केबलच्या ट्रकसाठी चार बोल्टचे केबल-थ्रॉटल घ्यावे, आणि त्यावर आयडल मोटर (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालते तो वेग, म्हणजे आयडल, सांभाळणारी) व थ्रॉटलचा सेन्सर बसण्याची सोय आहे ना, हे पाहावे. मॅनिफोल्डमधील दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरची जागा नव्या मॅनिफोल्डवर बदलते, तेव्हा त्याची वायर लांबवण्यासाठी दीडेक फूट वायर, सोल्डर आणि उष्णतेने आवळणारी नळी हाताशी ठेवावी.

आता २००२ च्या ट्रकची खरी गुंतागुंत. या ट्रकला पेट्रोलच्या दोन नळ्या आहेत. एक जाणारी, एक टाकीकडे परतणारी, आणि दाब ठरवणारा रेग्युलेटर रेलवरच असतो. ट्रेलब्लेझरची रेल एका नळीची आहे. तिच्यावर रेग्युलेटर नाही. यावर सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय म्हणजे १९९९ ते २००३ च्या कार्व्हेटमध्ये वापरलेला इंधन-फिल्टर, ज्याच्या पोटातच ५८ पीएसआयचा रेग्युलेटर असतो. तो चॅसिसवर जुन्या फिल्टरच्या जागी बसवून परतीची नळी त्यालाच जोडली, की पुढे इंजिनापर्यंत एकच नळी पुरते. मात्र याचा एक परिणाम ट्यूनिंगमध्ये दिसतो, त्याकडे पुढे येऊच.

काम सुरू करण्यापूर्वी स्कॅनर लावून गरम इंजिनाचे आयडलवरील आकडे लिहून ठेवावेत: मॅनिफोल्डमधील दाब, संगणक पेट्रोलात आपोआप करतो ती अल्पकालीन व दीर्घकालीन दुरुस्ती, आणि असतील ते दोषाचे कोड. रेलवरच्या झडपेला गेज लावून, पंप चालू आणि इंजिन बंद असताना दाब ५५ ते ६२ पीएसआयच्या दरम्यान येतो का, तेही पाहावे. जुने दुखणे आधी कळले नाही तर ते नव्या भागाच्या माथी मारले जाते.

उतरवण्याचे काम थंड इंजिनावरच करावे. इंधन-पंपाचा रिले काढून इंजिन चालू करावे आणि ते आपोआप बंद पडू द्यावे. मग बॅटरीची ऋण तार सोडवावी, आणि तरीही रेलच्या झडपेवर फडके धरून उरलेला दाब काढावा. गॅरेजचे दार उघडे असावे, अग्निशामक जवळ असावा, आणि पाणी तापवण्याच्या गॅस हीटरची ज्योत त्याच गॅरेजमध्ये जळत असेल तर ती विझवावी. अमेरिकी घरांत ती नेमकी तिथेच असते. यानंतर कॉम्प्रेसरच्या हवेने मॅनिफोल्डच्या भोवतालची माती उडवून टाकावी. ही पायरी लोक गाळतात, आणि मग मॅनिफोल्ड उचलताच काठावरची वाळू सरळ हेडच्या वाटांमध्ये पडते.

हवेची नळी, थ्रॉटलची केबल व तिचा कंस, थ्रॉटलला येणाऱ्या कूलंटच्या दोन बारीक नळ्या, पर्ज झडप (टाकीतील पेट्रोलच्या वाफा इंजिनात सोडणारी), पीसीव्हीची नळी (इंजिनाच्या पोटातील वाफा मॅनिफोल्डमध्ये आणणारी), मागे ब्रेक-बूस्टरची नळी, मॅप सेन्सर, आठ इंजेक्टरांचे प्लग आणि मागच्या बाजूचा नॉक सेन्सरचा (इंजिनातील ठोके ओळखणाऱ्या सेन्सरचा) प्लग, हे सर्व सोडवताना फोटो काढावेत आणि प्रत्येक वायरला चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावावा. चालकाच्या बाजूला १, ३, ५, ७ आणि दुसऱ्या बाजूला २, ४, ६, ८ असे सिलिंडर आहेत. पेट्रोलच्या नळ्यांच्या कड्या सोडवण्यासाठी तीन अष्टमांश आणि पाच षोडशांश इंचाची खास हत्यारे मिळतात. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, कारण प्लास्टिकची कडी तुटली तर नळी बदलावी लागते. बोल्टसाठी मी कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका वर्कशॉपमध्ये लहानपणी पाहिलेली युक्ती वापरतो: पुठ्ठ्यावर मॅनिफोल्डचे चित्र काढायचे आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच पुठ्ठ्यात खोचून ठेवायचा.

मॅनिफोल्ड दहा बोल्टांनी बसवलेला असतो आणि त्यांना ८ मिलिमीटरची गोटी (सॉकेट) लागते. बोल्ट पूर्ण ढिले झाले तरी ते मॅनिफोल्डच्या भोकांतच राहतात. रेलसकट सगळा मॅनिफोल्ड पुढून किंचित उचलून मागची वायर अडकलेली नाही हे पाहावे आणि मग सरळ वर घ्यावा.

माझ्या ट्रकचा मॅनिफोल्ड उचलला तेव्हा खाली दोन हेडांमधल्या दरीत ओकच्या फळांची कुरतडलेली टरफले निघाली, उंदराने हिवाळाभर तिथे कोठार केले होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागच्या नॉक सेन्सरच्या खळग्यात तपकिरी गंजाचे वलय होते. या इंजिनाचे दोन्ही नॉक सेन्सर मॅनिफोल्डच्या खाली, खळग्यात बसवलेले असतात. वरून झिरपलेले पाणी मागच्या खळग्यात साचते, सेन्सर गंजतो, आणि पी०३२७ किंवा पी०३३२ हे कोड येऊ लागतात. मॅनिफोल्ड उतरलाच आहे तर दोन्ही सेन्सर आणि त्यांची छोटी वायर बदलून टाकावी, कारण पुन्हा इथपर्यंत पोहोचायला अर्धा दिवस जातो. सेन्सरला २२ मिलिमीटरची गोटी लागते आणि तो १५ पौंड-फूट, म्हणजे २० न्यूटन-मीटरनेच आवळावा. अधिक आवळला तर त्याचे वाचन बिघडते. खळग्याच्या रबरी टोपीभोवती सिलिकॉनचा छोटा बांध घालावा, पण पुढची बाजू मोकळी सोडावी, म्हणजे पाणी अडणार नाही. तेलाच्या दाबाचा सेन्सरही तिथेच मागे आहे. तो जुना असेल तर तोही आताच बदललेला बरा.

हेडच्या आठ वाटांमध्ये लगेच स्वच्छ फडकी कोंबावीत, आणि ती मोजून कोंबावीत. मी एकदा आठ कोंबली आणि काढताना सातच हाती आली. आठवे फडके तेलाने काळे होऊन सहाव्या सिलिंडरच्या झडपेपाशी सरकले होते आणि टॉर्चच्या उजेडातही ते वाटेच्या सावलीसारखेच दिसत होते. लांब चिमट्याने ते बाहेर आले तेव्हा मला घाम फुटला होता. आता मी भडक लाल फडकी वापरतो आणि प्रत्येकाचे टोक बाहेर लोंबते ठेवतो. हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या पट्टीने आणि ब्रेक-क्लीनरने पुसावा. फिरती घासचकती लावू नये, कारण तिची भुकटी बेअरिंगपर्यंत पोहोचते.

नवा मॅनिफोल्ड बसवण्यापूर्वी त्याच्या नळ्यांत हात घालून पाहावे, जंकयार्डमधल्या मॅनिफोल्डमध्ये पाने आणि पीसीव्हीतून आलेले तेल दोन्ही असतात. खाचांमधील जुनी रबरी गॅस्केटे फेकून द्यावीत. ती वर्षानुवर्षे दबून चपटी होतात आणि थंडीत आखडतात. सकाळी थंड असताना हवा ओढून पी०१७१ व पी०१७४ हे (पेट्रोल कमी, हवा जास्त असे सांगणारे) कोड देणारे आणि गरम झाल्यावर शहाण्यासारखे चालणारे इंजिन बहुतेक वेळा याच गॅस्केटांचे दुखणे सांगत असते. नवी गॅस्केटे खाचेत नीट बसली की मॅनिफोल्ड सरळ खाली ठेवावा, सरकवू नये. बोल्टच्या आट्यांवर निळ्या थ्रेडलॉकरचा बारीक पट्टा लावून सर्व बोल्ट हातानेच लागेपर्यंत फिरवावेत. मग मधल्या बोल्टांपासून बाहेरच्या टोकांकडे जात पहिल्या फेरीत ४४ पौंड-इंच आणि दुसऱ्या फेरीत ८९ पौंड-इंच, म्हणजे अनुक्रमे ५ आणि १० न्यूटन-मीटर, इतकेच आवळावे. येथे पौंड-इंच आहे, पौंड-फूट नाही. हा घोळ झाला तर ॲल्युमिनियममधले आटे निघून येतात. या कामासाठी लहान टॉर्क पाना वेगळा घ्यावा, चाकांच्या नटांचा मोठा पाना इतक्या कमी मापावर विश्वसनीय नसतो.

इंजेक्टरच्या दोन्ही ओ-रिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे आणि इंजेक्टर आधी रेलमध्ये बसवून, मग आठही एकदम मॅनिफोल्डच्या भोकांवर आणून दोन्ही बाजूंनी तळहाताने समान दाबावेत. बसल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी थोडा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर ओ-रिंग मुडपलेली असते, आणि पेट्रोलची गळती तिथूनच सुरू होते. रेलचे आणि थ्रॉटल बॉडीचे बोल्टही ८९ पौंड-इंचच घेतात. नव्या थ्रॉटलला कूलंटच्या नळ्यांची तोंडे नसतील तर इंजिनाकडून येणारी बारीक नळी सरळ रेडिएटरकडे जोडावी; ती बूच मारून बंद करू नये, कारण तिच्यातूनच हेडमधील वाफ निघून जाते.

सर्व जोडून झाल्यावर इंजिन लगेच चालू करायचे नाही. रिले परत बसवून, किल्ली दोन सेकंद चालू आणि दहा सेकंद बंद असे चार-पाच वेळा करावे, आणि प्रत्येक वेळी टॉर्चने आठही इंजेक्टरांची बुडे व फिल्टरच्या जोडण्या पाहाव्यात.

त्यानंतर इंजिन चालवणाऱ्या संगणकाची पाळी. ४२ पौंडांचे इंजेक्टर आणि संगणकात मात्र २५ चा आकडा, अशा स्थितीत इंजिनात ६८ टक्के जास्त पेट्रोल पडते. संगणकाची स्वतःची दुरुस्ती पंचवीस टक्क्यांच्या आसपासच दमते. म्हणून एचपी ट्यूनर्स किंवा ईएफआयलाइव्हसारख्या प्रणालीने इंजेक्टरचे तक्ते आधी भरावेत. प्रवाहाचा तक्ता हा त्यातला सोपा भाग. व्होल्टेजप्रमाणे इंजेक्टर उघडायला लागणारा विलंब, आणि अगदी लहान स्पंदांसाठीची दुरुस्ती, हे तक्ते चुकले तर आयडल कधीच स्थिर होत नाही. म्हणून ज्या इंजेक्टरचे हे आकडे उत्पादकाकडून मिळत नाहीत तो इंजेक्टर कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये.

मघाशी उल्लेख केलेला रेग्युलेटरचा परिणाम येथे उतरतो. मूळ रेलवरच्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून पोकळीची (तिथला कमी दाब पोहोचवणारी) नळी येत असे, त्यामुळे इंजेक्टरच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक नेहमी सारखाच राही आणि तक्त्यात एकच आकडा सर्वत्र चाले. कार्व्हेटच्या फिल्टरमधला रेग्युलेटर इतक्या दूर असतो की त्याला मॅनिफोल्डची खबर नसते. आयडलवर मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेपेक्षा समजा ६५ किलोपास्कल कमी दाब असेल, तर फरक ४०० ऐवजी ४६५ होतो आणि प्रवाह जवळजवळ आठ टक्क्यांनी वाढतो. तेव्हा प्रवाहाचा तक्ता सपाट न ठेवता पोकळीनुसार चढता भरावा लागतो. पूर्ण थ्रॉटलवर ४२, तर त्या आयडलला ४५ च्या थोडे वर.

या पिढीचा संगणक ४००० फेऱ्यांपर्यंत हवा मोजणारा सेन्सर आणि व्हीई तक्ता (सिलिंडर हवेने किती भरतो हे सांगणारा) यांचा मेळ घालतो, आणि त्यावर केवळ हवेच्या सेन्सरवर चालतो. हवेची नळी व सेन्सर मूळचेच ठेवले असतील तर वरचा भाग बराचसा आपोआप बरोबर येतो आणि मेहनत खालच्या व्हीई तक्त्यावर घ्यावी लागते, कारण मॅनिफोल्ड बदलल्याने इंजिनाचा श्वास बदललेला असतो. धुराड्यात हवा-इंधनाचे प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर बसवून पेट्रोलवर पूर्ण थ्रॉटलला हवा-इंधनाचे प्रमाण १२.८ च्या जवळ आणावे आणि नॉकमुळे टायमिंग मागे घेतले जात नाही ना, हे नोंदीत पाहावे. ज्यांना हे तक्ते हाताळण्याचा सराव नाही त्यांनी हा टप्पा जाणकार ट्यूनरला पैसे देऊन करून घ्यावा. यात संकोच मानण्याचे कारण नाही. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी काम सुरू करण्याआधीच लक्षात घ्यावे, की तिथे प्रदूषणाशी संबंधित बदलासाठी कार्ब या राज्याच्या हवा-प्रदूषण मंडळाचा मंजुरी-क्रमांक असलेलेच भाग चालतात, आणि जोडतोड करून बसवलेला मॅनिफोल्ड तपासणीत अडतो.

इंजिन चालू झाल्यावर हवेची गळती शोधण्यासाठी धूर-यंत्र मिळाले तर उत्तम. ज्वलनशील फवारे तापलेल्या इंजिनावर मारणे मी सोडून दिले आहे. आयडल उंच राहत असेल तर केबल ताणलेली नाही ना आणि पीसीव्हीची नळी बसली आहे ना, या दोन गोष्टी प्रथम पाहाव्यात, दहांपैकी आठ वेळा दोष तिथेच सापडतो. गरम इंजिनावर दीर्घकालीन दुरुस्ती अधिक-उणे पाच टक्क्यांच्या आत आली की दिवसाचे काम संपले असे धरावे, आणि ट्रक रात्रभर बाहेर थंडीत उभा ठेवावा. सकाळी बॉनेट उघडून प्रथम पेट्रोलचा वास येतो का पाहावे, मग स्कॅनर जोडून थंड इंजिन चालू करावे आणि दुरुस्तीचे आकडे वर चढत नाहीत ना, हे पहिली पाच मिनिटे पाहत उभे राहावे.